ह्यांना गॅरेजमध्ये ठेवलंय

हसणार नसाल तरच सांगतो. बरं, हसा, पण कप आधी खाली ठेवा. गेल्या वेळी हे ऐकताना एकानं चहा आमच्या कार्पेटवर सांडला होता आणि तो डाग अजून आहे. तर, मी एका सज्जन बाईच्या दारात पोलीस पाठवले. होय, मीच!

आधी माझा आजार सांगतो. मला खऱ्या गुन्ह्यांच्या डॉक्युमेंटरी बघायचं व्यसन आहे. नॉटिंगहॅममध्ये घरून काम, तेही सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची आणि हिवाळ्यात साडेचारला अंधार पडला की सोफ्यावर बसून खुनी शोधायचे. माझी मतं ठाम आहेत. पहिल्या भागात ज्याच्यावर संशय येतो तो कधीच नसतो. सगळ्या गल्लीला केक करून वाटतो, तोच असतो! आणि "आमच्याकडे असं काही घडत नाही हो" म्हणणारा शेजारी? त्याला सगळं दिसलेलं असतं, फक्त तो वेळेवर फोन करत नाही.

माझी बायको केतकी दुसऱ्या पार्टीची. तिला सामाजिक आशयाच्या मालिका लागतात. त्यात चार भाग सगळे खिडकीबाहेर बघत बसतात आणि शेवटी कळतं, गुन्हेगार कोणीच नाही, दोष परिस्थितीचा! मी म्हणतो, परिस्थितीला बेड्या घालता येतात का? ती म्हणते, "तुझ्या डोक्यातल्या समजुतींना घालता आल्या तरी पुष्कळ झालं."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या राहिलं नाही.

आमच्या शेजारी शैलाकाकू आणि काका राहतात. अख्ख्या रस्त्यावर मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. काकू बासष्टच्या, अजून हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करतात. काका रिटायर्ड. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा बॉयलर कसा चालवायचा इथपासून कचऱ्याची कुठली बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची इथपर्यंत सगळं काकूंनी शिकवलं. दर शनिवारी कुंपणावरून डबा यायचा. आम्हाला इथे आपलं म्हणावं असं तेवढं एकच घर. काकू तशा जुन्या वळणाच्या. तीस वर्षं इंग्लंडमध्ये काढली, पण नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "हे म्हणाले", "ह्यांना आवडत नाही", असंच चालतं.

तर नोव्हेंबरात काका दिसेनासे झाले. एक आठवडा गेला, दोन गेले. मी कुंपणापाशी सहज विचारलं, "काका दिसत नाहीत?"

"ब्रिस्टलला गेलेत. लेकीच्या बाळंतपणाला."

बाळंतपणाला? काका? आई इथे आणि बाप तिकडे डिंकाचे लाडू वळतोय? अहो, थाप मारावी तर जरा पटेल अशी तरी मारावी! आणि एवढं बोलून काकूंनी माझ्या हातात काय ठेवलं असेल? केक. मी तो घेतला, पण खाल्ला नाही.

त्या रविवारी दुपारी काकू मागच्या बागेत फोनवर होत्या, पुण्याच्या बहिणीशी. मी कुंपणाच्या अलीकडे उगाच पालापाचोळा गोळा करत होतो. वारा नव्हता, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू आला.

"अगं, ह्यांना काल उरकलं एकदाचं! वरून छाटलं, पेपरमध्ये गुंडाळलं, खोक्यात घातलं आणि गॅरेजमध्ये ठेवलं. एकटीनं! कंबर मोडली माझी. थंडीनं पार काळे पडले होते गं. आता कुजले नाहीत म्हणजे मिळवलं."

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असता?

मी धापा टाकत घरात आलो. केतकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वेडा आहेस का? काका ब्रिस्टलला आहेत."

"बाळंतपणाला बाप जातो का कधी?"

"का नाही जाणार? काकूंना रजा नसेल. काका रिकामे आहेत, स्वयंपाक छान करतात. तू जरा माझ्या मालिका बघत जा, ओंकार."

सोमवारी ती ऑफिसला गेली. वेळेवर फोन न करणारा शेजारी मला व्हायचं नव्हतं. पोलिसांचा एक नंबर असतो, घाई नसलेल्या कामांसाठी, तो मी फिरवला. नाव सांगणार नाही म्हटलं. पलीकडची बाई फार शांत होती.

"व्हॉट वर हर एक्झॅक्ट वर्ड्स, सर?"

मी पडलो काटेकोर माणूस. म्हटलं, ती 'ह्यांना' म्हणाली, म्हणजे हर हजबंड.

"कुड यू स्पेल दॅट फॉर मी?"

मी अक्षर अक्षर सांगितलं. एच, वाय, ए, ए, डबल एन, ए. वर म्हटलं, "टेक युअर टाइम."

दुपारी काकू कामावरून आल्या आणि मागोमाग पोलिसांची गाडी आली. मी बिन ओढत बाहेर आलो, म्हणजे नीट दिसावं. गॅरेजचं दार वर गेलं. पोलीसबाईनं खोकं पुढे ओढलं, वर्तमानपत्र उलगडलं आणि आतून निघाले रताळ्यांसारखे मातकट गड्डे. डेलियाच्या फुलझाडांचे कंद! इथे थंडीत ते जमिनीत कुजतात, म्हणून काढून, गुंडाळून ठेवतात आणि मे महिन्यात परत लावतात. हे मला कोणी सांगायचं?

मग काकूंनी व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर काका, कमरेला एप्रन, खांद्यावर बाळ.

"सर, आर यू सेफ अँड वेल?"

"सेफ, येस. वेल, नो. आय हॅव नॉट स्लेप्ट फॉर टू वीक्स," काका म्हणाले. "शैला, गुळाचा पाक कितपत होऊ देऊ गं?"

पोलीस हसत निघून गेले. आत जाता जाता काकूंचं माझ्याकडे लक्ष गेलं. "ओंकार, बिनचा दिवस आज नाही रे. उद्या."

संध्याकाळी काकू आमच्या किचनमध्ये येऊन बसल्या. केतकीनं चहा टाकला होता. काकूंचे डोळे भरलेले होते. "तीस वर्षं राहिले रे या रस्त्यावर. आणि कोणाला तरी वाटलं, मी असं करू शकते. आता उद्यापासून कोणाकडे बघून हसू?"

खरं सांगतो, मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"तू दिवसभर घरी असतोस. चुका शोधायचं तर तुझं कामच आहे. फोन कोणी केला, एवढं शोधून दे मला." मग त्या डोळे पुसत म्हणाल्या, "एक गंमत बघ. त्या पोलीसबाईनं मला विचारलं, हू इज ह्यांना? कागदावर लिहून आणलं होतं तिनं. एच, वाय, ए, ए, डबल एन. समोरच्या टीनाला मराठी येतं का रे?"

"नाही."

"कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याला?"

"नाही."

"मग या रस्त्यावर मराठी कोणाला येतं?"

केतकीनं गॅस बंद केला. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या डॉक्युमेंटरीत या जागी जाहिरात लागते. इथे लागली नाही.

"काकू, मी," मी म्हणालो. "माझं चुकलं. तुमचं 'ह्यांना' मला काका वाटले."

त्या चहा न घेताच उठून गेल्या. त्या शनिवारी डबा आला नाही. पुढच्याही नाही. घर खायला उठलं होतं. मी टीव्ही लावलाच नाही. तिसऱ्या शनिवारी कुंपणावर डबा दिसला, आत डिंकाचे लाडू आणि वर चिठ्ठी: "ह्यांनी पाठवलेत. खायला हरकत नाही, मी खाऊन बघितलाय." मी तिथेच उभ्यानं दोन लाडू खाल्ले आणि खरंच रडलो.

मे महिन्यात शिक्षा सुनावली गेली. काकूंच्या बागेतले सगळे खड्डे मी खणायचे. काका खुर्चीवर, काकू माझ्या डोक्यावर उभ्या, "अजून खोल, अजून खोल." केतकी कुंपणावर हात टेकून मजा बघत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, मला कायम 'ओंकार' नाहीतर 'अरे' म्हणणारी ही बाई त्या दिवशी गोड आवाजात म्हणाली,

"काकू, येत्या हिवाळ्यात आमच्या ह्यांनाही पेपरमध्ये गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवाल का?"

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत नीट तपासलं.

"नको गं. कीड लागलेले आम्ही ठेवत नाही."