अंजनाचा होकार

अंजना आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आली ती २००४ च्या उन्हाळ्यात. आली कसली, आणली गेली. पुढे थोरला दीर केरबा, मागे नवरा प्रसेनजीत, आणि तिचा हात धरून जाऊ बायडाबाई. गाव गडहिंग्लजच्या पलीकडचं. टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द कोल्हापुरात तेव्हा लोक आवाज खाली घेऊन बोलायचे. मी तिथली सिस्टर, शबनूर. सुया टोचायच्या आणि डॉक्टर मॅडम दोन वाक्यांत जे सांगतात ते पेशंटला उलगडून सांगायचं, हे माझं काम.

बायडाबाईची पाळी छत्तिसाव्या वर्षीच गेलेली. आता मूल हवं तर दुसऱ्या बाईची अंडी घ्यायची, ती केरबाच्या बीजाबरोबर प्रयोगशाळेत फळवायची आणि तयार गर्भ बायडाबाईच्या पिशवीत ठेवायचा. दुसरी बाई कोण, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नाही. अंजना तिशीच्या आतली, दोन लेकरांची आई, हातापायांनी धड. प्रसेनजीत सात वर्षांचा असताना आईबाप गेले, तेव्हा नवी नवरी असलेल्या बायडाबाईनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. अंजनाची दोन्ही बाळंतपणं तिनंच केली. अशा बाईला नाही कसं म्हणायचं? वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं, चार शिव्या हासडूनही म्हणता येतं. चांगल्या माणसांनी चारी बाजूंनी घेरलं की तोंडच उघडत नाही.

अंडी देणारी हीच ना, असं मॅडमनी विचारलं तेव्हा तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होती. अंजना "व्हय" म्हणाली. मग दवाखान्याच्या नियमाप्रमाणे मी तिला एकटीला पडद्याआड घेतलं. तिनं एवढंच विचारलं, की दुखतं का. मी पाठ केलेलं सगळं घडाघडा सांगितलं. आधी रक्ताच्या तपासण्या, एचआयव्ही, कावीळ, रक्तगट. सोनोग्राफी पोटावरून नाही, खालून. मग पंधरा दिवस पाळी ताब्यात ठेवायची सुई आणि त्यानंतर दहा-बारा दिवस अंडी वाढवायची सुई, रोज, बेंबीच्या खाली. एरवी महिन्याला एक अंडं पिकतं, इथं एकदम दहा-पंधरा पिकवायची. पोट जड होतं, डोकं दुखतं, उगाच रडू येतं. शेवटची सुई घड्याळ लावून द्यायची आणि तिथून साधारण पस्तीस तासांनी भूल देऊन, पुन्हा खालूनच, लांब सुईनं अंडी ओढून घ्यायची. वीस मिनिटांचं काम. दोन दिवस कळा, थोडा लाल डाग. ती मान हलवत होती. समजलं का, असं मी विचारलं. तुला करायचंय का, असं विचारलं नाही. त्याचा मला आजही राग येतो, माझाच.

सुयांसाठी दोघी जावा कोल्हापुरात नात्यातल्या एका घरी राहिल्या. रोज सकाळी अंजना टेबलावर आडवी व्हायची आणि छताकडे बघत राहायची. मी सुई काढली की बायडाबाई त्या जागेवर फुंकर घालायची. ही माया खोटी असती तर बरं झालं असतं.

अंडी निघाली तेवीस. तिसऱ्या दिवशी बायडाबाईच्या पिशवीत गर्भ ठेवले आणि दोघींना घरी पाठवताना मी म्हणाले, अंजनाच्या वजनावर लक्ष ठेवा. अंडी जास्त निघाली की पोटात पाणी साठू शकतं, वजन भराभर वाढतं, लघवी कमी होते, दम लागतो, तसं झालं तर धावत यायचं, हे पुढचं सांगणार तेवढ्यात मला आतून हाक आली. मी गेले आणि ते राहून गेलं.

त्या घरानं लक्ष ठेवलं, अगदी मनापासून. आमच्या मुलखात वजन वाढलं म्हणजे खाल्लेलं अंगाला लागलं. मटणाचा पांढरा रस्सा, डिंकाचे लाडू, म्हशीचं दूध, आणि रोज सकाळी गावातल्या गुळाच्या काट्यावर अंजना. पहिल्या दिवशी एक किलो वाढली, चौथ्या दिवशी पाच. केरबानं एसटीडी बूथवरून अभिमानानं फोन केला. तो घेतला काउंटरवरच्या मुलीनं, आणि वहीत लिहिलं, पेशंट बरी, वजन वाढले. दुपारी ती ओळ वाचली आणि मी लगेच बूथवर उलटा फोन करून निरोप ठेवला, की तिला आत्ताच्या आत्ता घेऊन या.

संध्याकाळी जीपमधून तिला आणली तेव्हा पोट टम्म फुगलेलं. आडवं होता येत नव्हतं, दिवसभरात लघवी जेमतेम कपभर. सहा दिवस ती आमच्याकडे होती. सलाईन, महागडी प्रथिनांची बाटली, आणि दोनदा पोटात सुई घालून पाणी काढलं. दुसऱ्या रात्री ती वाचते की नाही, याची मॅडमनाही खात्री नव्हती. खाण्याचा दोष नव्हता, दोष माझ्या अर्ध्या वाक्याचा होता. बरी झाल्यावर तिनं मला सांगितलं, की दम दुसऱ्या दिवसापासूनच लागत होता, पण काट्याकडे बघून अक्का, म्हणजे बायडाबाई, एवढी हसायची की बोलावंसं वाटलं नाही.

बायडाबाईला गर्भ राहिला नाही. उरलेले गर्भ गोठवून ठेवायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती.

वर्षानं चौघं पुन्हा आली. या वेळी पडद्याआड गेल्या गेल्या अंजनानं माझं मनगट धरलं.

"सिस्टर, मला जमत न्हाय म्हणून कागूद द्या. माझं कोण ऐकायचं न्हाय, कागदाचं ऐकत्यात."

मी मॅडमना सांगितलं. त्या भल्या बाई. मागचा त्रास बघता ही अंडी द्यायला योग्य नाही, असं त्यांनी लिहून दिलं, आणि ते खोटंही नव्हतं. मला वाटलं, सुटली पोरगी.

कुठली सुटते! घरच्यांनी कागदाचं ऐकलं, पण आपल्या पद्धतीनं. आमच्यापायी हिचं शरीर बिघडलं, आता हिला दुरुस्त केल्याशिवाय राहायचं नाही, असं केरबानं ठरवलं. बेळगावचा मोठा डॉक्टर गाठला. चार महिने गोळ्या, टॉनिक, तपासण्या. बायडाबाई तिला घागर उचलू देईना. मग एक दिवस चौघं जाडजूड फाईल घेऊन आमच्या दारात. सगळे रिपोर्ट चोख, आणि खाली त्या डॉक्टरचा शेरा, की औषधाचा डोस कमी ठेवून पुन्हा करता येईल.

मॅडम फाईल चाळत होत्या. बायडाबाईनं आनंदानं अंजनाच्या गालावरून हात फिरवला. नियमाप्रमाणे मी पडदा ओढायला उठले.

"पडदा नगं," अंजना म्हणाली. मग ती बायडाबाईकडे वळली. "अक्का, मी धड हाय. पयल्यापास्नं धड हाय. मला न्हाय करायचं."

प्रसेनजीतनं मान खाली घातली. केरबा कधी फाईलकडे, कधी भावाकडे बघत राहिला. बायडाबाईचा हात गालावर तसाच होता.

"मग आदीच सांगायचंस की," ती म्हणाली.

"कुणी इचारलं व्हतं?"

त्या कुणीमध्ये मीही होते. मला तिथं उभं राहवेना.

चौघं गेल्यावर फाईल टेबलावरच राहिली. ती घेऊन मी स्टँडवर पळत गेले. त्यांच्या गावची दोनची गाडी लागलेली, गच्च भरलेली. बापे उभे होते आणि दोघी जावांना एकाच बाकावर जागा मिळाली होती. बायडाबाईनं तोंड खिडकीकडे फिरवून पदर लावला होता. तिचं रडणं मला दिसत होतं, अंजनाला तर खांद्याला जाणवत असणार. तीन तासांचा रस्ता. मी खिडकीतून अंजनाला म्हणाले, की उतर, माझ्याकडे थांब, मागच्या गाडीनं जा.

तिनं फाईल घेऊन मांडीवर ठेवली आणि मानेनंच नको म्हणाली. मागची गाडी साडेसातला होती, आणि तीही त्याच घरी जाणारी.