एकेरी

“काय गं, काय आणलंस पिशवीत? इथे नको ठेवू, वास येतो. तू बाहेर पायरीवर बस.”

हे माझ्या मायला म्हटलं गेलं. राजापेठेतल्या शिकवणी वर्गात, पालकांच्या देखत. म्हणणारा निखिल, वर्गाचा मालक. वयाने तिच्या पोरासारखा. ‘ही माझी आई’ असं मी त्याला नुकतंच सांगितलं होतं. ते ऐकून घेतलं आणि मग म्हणाला.

मी तिथं आठवी-नववीला गणित शिकवत होते. माय तेल्हाऱ्याहून सकाळच्या एसटीने डोळे दाखवायला आली होती. आठवडी बाजारात ती भाजी विकते. पिशवीत वांगी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पोरीसाठी निवडून आणलेला. सोफ्यावर एका विद्यार्थ्याची आई बसली होती. निखिलने तिला विचारलं, “काकू, तुम्ही चहा घेणार ना?” आणि माझ्या मायला पायरी.

माय म्हणाली, “हो साहेब, तुमी म्हणसान तिथं बसतो.” आणि गेली.

हा निखिल काही वर्षं परदेशात राहून आला होता. पहिल्याच बैठकीत म्हणाला, “इथे कुणी सर नाही, मॅडम नाही. तिकडे मालकाला पण नावाने हाक मारतात. आपणही मोकळं वागायचं.” मला किती बरं वाटलं होतं! आमच्या गावात पाटलाच्या दारावरून जाताना माझा आजा चपला हातात घ्यायचा. आणि इथं मालकाला नुसतं निखिल म्हणायचं. जीभ वळेना. खोलीवर आरशासमोर म्हणून पाहिलं. निखिल. निखिल. शेवटी एकदा पालकसभेत धीर करून म्हटलं, “निखिल, पुढची बॅच कधीपासून?”

सभा संपल्यावर केबिनमध्ये बोलावणं आलं. “पालकांसमोर सर म्हणत जा. तुझ्या तोंडी ते बरं दिसत नाही.”

त्याच सभेत इंग्रजी शिकवणारी केतकी त्याला सारखी निखिल, निखिल करत होती. तिच्या तोंडी बरं दिसत होतं. फरक काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नोकरीवर घेताना याने माझं आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. एवढं विचारलं की जात कळते. जात विचारली असं मात्र होत नाही. मी गिळलं. आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली. मायने साऱ्या बाजाराला सांगितलं होतं, “माही पोरगी मॅडम झाली.” ते मोडायची माझी हिंमत नव्हती.

पण त्या दिवशी दारातून माय दिसली. पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना वाट देत अंग चोरून बसलेली. माझ्या अंगाची आग झाली.

“निखिल, ती माझी माय आहे. तिला ‘तुम्ही’ म्हणा.”

तो हसला. “अगं, तुमच्यात तर सगळे अरे-तुरेच करतात. तुमच्यात चालतं ते. प्रत्येकाचं कल्चर वेगळं असतं, एवढं काय मनावर घेतेस?”

तुमच्यात. म्हणजे कुणात? वऱ्हाडात म्हणावं, तर याच्या आजोबांची संत्र्याची बाग मोर्शीला. वऱ्हाड याच्याही बापाचं. मग हा ‘तुमच्यात’ कुठला, ते तिथल्या खुर्च्यांनाही कळलं असेल.

आणि हो, आमच्यात ‘तू’ चालतो. मी मायला तू म्हणते. बाजारात शेजारी बसणारी शबानाखाला मायला तू म्हणते, भांडतानाही आणि भाकर वाटून खातानाही. माय तिला तूच म्हणते. आमच्यातला ‘तू’ जातो तसा परत येतो. याचा ‘तू’ एकेरी होता. नुसता यायचा. परत पाठवायची मुभा नव्हती. हे मला तिथं उभ्या उभ्या लख्ख कळलं आणि नोकरीसाठी दाबून ठेवलेली बोली तोंडात आली.

“बरं, चालते तं चालते. मंग आयक निखिल. तू ऊठ, अन् माह्या मायले आत घेऊन ये.”

काकूंचा चहाचा कप हातातच राहिला. निखिल लालबुंद. “कोणाशी बोलतेस? लायकी विसरू नकोस!”

“काहून? तुमच्यात चालत नाही काय?”

तिकडून आणलेला सगळा मोकळेपणा एका ‘तू’ने संपला. “उद्यापासून येऊ नकोस,” तो म्हणाला. मी म्हटलं, “आजपासूनच.”

वाटलं होतं, माय पाठीवरून हात फिरवेल. तिने ऐकलं होतं सगळं. ती माझ्यावरच उखडली. “कायले बोलली वं? चांगली लागलेली नोकरी घालवली!” मला भर रस्त्यात रडू आलं. ऑटोने आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथं बाकावर बसल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मले तं सारेच तू म्हनतात, पोरी. जलमभर. तुले आज आयकू आलं.”

 

तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला. “ए बाई, चल, ये आत.” माय लगबगीने उठली, पदर सावरला. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

“चूप बस वं,” ती घाबरून पुटपुटली. “डोये दाखवाचे हायेत.”

“दाखवू,” मी म्हटलं. आणि दारात जाऊन उभी राहिले. “डॉक्टर, त्यांना ‘तुम्ही या’ म्हणा. मग त्या येतील.”

नोकरी गेली. दुसरी मिळेल, नाहीतर मायशेजारी बाजारात बसेन. पण माझ्या मायला जो कुणी तू म्हणेल, त्याचा ‘तू’ मी त्याला तिथल्या तिथं परत देणार आहे. मग तो मालक असो, डॉक्टर असो, की गावचा पाटील.