चार वारांचा आठवडा

शेजारच्या ओबिन्नाला मुलगी झाली. त्याच्या इग्बो जमातीचा जुना आठवडा चार बाजारवारांचा, आणि बाळाचं नाव जन्मवारावरून. पण इंग्रजी सात वारांत वाढलेल्या ओबिन्नाला तो वार मोजता येईना. त्याने स्पीकरवर आईला फोन लावला. मायलेक इंग्रजीतच बोलत होते, म्हणून मलाही सगळं कळलं.

"अफो होता," आई म्हणाली. "पण त्यावरून नाव म्बाफो ठेवू नकोस रे! गावंढळ म्हणून हसतील. मिशनच्या शाळेत मला हसले, मग मी अ‍ॅग्नेस झाले."

"म्हणजे तू म्बाफो? मला आज कळतंय!"

इंग्रज कधीच गेले; ते हसू मात्र म्हातारीला अजून ऐकू येत होतं.

"फोन पोरीच्या कानाला लाव," ती म्हणाली. "म्बाफो म्हणून हाक मारून बघते. रडली, तर अ‍ॅग्नेस."

पोरीने झकास जांभई दिली.