परत आलेला बसला कुठे?

चर्चच्या अभ्यासवर्गात पाळकांनी प्रत्येकाला आरंभीच्या ख्रिस्ती काळातलं एकेक पत्र वाटून दिलं. अभ्यास करायचा आणि रविवारी सगळ्यांसमोर बोलायचं. कुणाच्या वाट्याला सोळा अध्याय आले, टेलरबाईंच्या वाट्याला जेमतेम एक पान.

"वहिनी, पाळकांनी माप घेऊनच दिलंय हो तुम्हाला," नणंद म्हणाली.

टेलरबाई हसल्या, पण बोलणं लागलं. सातवीत शाळा सुटलेली. त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच चार माणसांपुढे उभं राहायचं होतं, आणि नणंद पहिल्या बाकावर असणार होती.

पत्र तसं सरळ. तुरुंगातला प्रेषित एका घरधन्याला लिहितो की तुझा निघून गेलेला दास परत पाठवतोय. ठेवून घे, पण आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून. धन्याने पुढे काय केलं, ते त्यात नाही. टेलरबाईंनी वहीत तीन मुद्दे काढले: क्षमा, कृपा, ख्रिस्ताठायी बंधुत्व. क्षमेवर दीड पान झालं, कृपेवर एक. बंधुत्वाच्या दोन ओळी झाल्या आणि पेन अडलं.

त्याच आठवड्यात काजवाली परत आली. अकरा वर्षं दुकानात काजं-बटणं करणारी ही बाई ऐन गणवेशांच्या गर्दीत न सांगता समोरच्या दुकानात गेली होती, आणि जाताना चांगली कात्रीही घेऊन गेली होती. आता ती कात्री कागदात गुंडाळून दारात उभी.

"बाई, ठेवता का परत?"

"धार लावून आणलीस का?"

"लावली."

"मग ये आत. शंभर शर्ट पडलेत."

झाली क्षमा. वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. हात हवेच होते. काजवालीही कालच गेल्यासारखी कोपऱ्यातल्या खोक्यावर जाऊन बसली. दुकानात खुर्च्या दोनच. उशीवाली टेलरबाईंची, दुसरी गिऱ्हाइकांची. एरवी तिच्यावर कापडाचे तागे असत.

शनिवारी दुपारी टेलरबाईंनी वही उघडली. "ऐक जरा. चुकलं तर सांग."

काजवालीने मान खाली घालून, टाके घालत सगळं ऐकलं.

"छान आहे. पण तो घरी गेल्यावर जेवायला बसला कुठे? धन्याशेजारी, की मागे, पहिल्यासारखा?"

"ते लिहिलेलं नाही."

"एवढा शिकलेला माणूस, आणि मुद्द्याचं तेवढंच राहिलं?"

"राहिलं नाही गं. ते धन्यावर सोडलंय."

बोलून गेल्यावर टेलरबाईंनी वही मिटली. मग उठल्या आणि खुर्चीवरचे तागे उचलून खाली ठेवले.

"ऊठ तिथून. इथे बस."

"तागे मळतील, बाई."

"मळू देत."

"आणि गिऱ्हाईक आलं तर?"

"उभं राहील थोडं."

काजवाली बसली, पण अगदी काठावर, कधीही उठायच्या तयारीने. पहिलंच काज वाकडं गेलं, ते तिने उसवलं.

रविवारी टेलरबाई बारा मिनिटं बोलल्या. कुठे अडखळल्या नाहीत. बाहेर येताना नणंदेने गाठलंच.

"बंधुत्वावर फारच थोडं झालं, वहिनी."

"हो," टेलरबाई चपला घालत म्हणाल्या. "अजून तेवढंच झालंय."