आभार न मानणारा भाडेकरू

त्या संध्याकाळी सुतार नुसता फणफणत होता. परमुलखात फर्निचरच्या कारखान्यात लागल्यापासून तो एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी भाड्याने राहत होता. तिने आज त्याला खोली सोडायला सांगितली. कारण काय, तर म्हणे तू उपकार विसरलास.

उपकार? अहो, त्या घरातलं एकही दार आता कुरकुरत नव्हतं. अडकणारे खण लोण्यासारखे सरकत होते. सुट्टीच्या दिवशी स्वतःचे कपडे भिजत ठेवून हा गडी तिच्या जिन्याचा कठडा घासत बसे. आणि म्हातारी काय करी? नळ दुरुस्त करून निघालेल्या माणसाला दारातून म्हणावं तसं "आभारी आहे" म्हणे. ते याच्या काळजाला लागे. पण वयाचा मान ठेवून गिळलं बिचाऱ्याने.

खरी गंमत पुढेच आहे. नवा होता तेव्हा हाही उठता-बसता आभार मानायचा. चहा दिला, आभार. किल्ली दिली, आभार. मग एकदा तापाने फणफणला असताना तिने उशाशी बसून चमच्याने सूप पाजलं आणि याने तिला मनोमन आईच्या जागी बसवलं. झालं, आभार बंद! आईचे कुणी आभार मानतं का? न विचारता कपाट उघडून बिस्किटं खाऊ लागला, भाजी अळणी झाली तर तोंडावर सांगू लागला. याच्या लेखी ती माया, तिच्या लेखी माजोरीपणा.

त्याने बायकोला फोन लावून म्हातारीच्या नावाने यथेच्छ खडे फोडले. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, पण तुम्ही तिला आई मानलंत हे तिला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला पाहिजे? कळत नाही?"

"कसं कळणार? इथे सासूबाईंचं सगळं मी करते. तुम्ही कधी चकार शब्द काढलात? मीसुद्धा आपलं कळून घेतेच आहे."

सुताराने फोन ठेवला. राग तसाच होता, फक्त तो कुणावर काढावा ते समजेना. शेवटी तणतणत स्वयंपाकघरात गेला. म्हातारी भांडी पुसत होती.

"आमच्यात आपल्या माणसाचे आभार मानले की त्याला परकं केल्यासारखं होतं," तो म्हणाला. "तू आपली वाटलीस म्हणून मी आभार मानणं थांबवलं. आणि तू मात्र मला रोज आभार मानून दाराबाहेर उभं करतेस."

म्हातारीने फडकं खाली ठेवलं. "माझी पोटची पोरं अशीच. सगळं घेतात, बोलत काही नाहीत. वाटलं, हाही त्यांच्यातलाच झाला."

"तेच तर म्हणतोय मी. पोरच झालो होतो."

ती हसली. "मग बोलणारं पोर हो."

खोली राहिली. सुताराने रंगीत तालीम म्हणून आधी बायकोचे आभार मानून पाहिले, तर तिने घाबरून ताप आलाय का विचारलं. दुसऱ्या दिवशी चहा समोर आल्यावर त्याने छताकडे पाहिलं आणि एरंडेल घेतल्यासारखं तोंड करून एकदाचं म्हटलं, "आभारी आहे."

"बरं बरं," म्हातारी म्हणाली. "कप विसळून ठेव."