उभ्या भिंतीचा अहवाल

माझं अक्षर चांगलं होतं, हा माझा पहिला दुर्गुण. मोर्शीच्या शाळेत छड्या खाऊन वळवलेलं ते अक्षर पाहूनच मला तहसिलीत कारकुनी मिळाली आणि अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी टाक शाईत बुडवत बसलो. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मदतीचा पैसा नागपुरातून निघायचा, अमरावतीला थांबायचा, अकोल्याला थांबायचा आणि मग आमच्याकडे यायचा. तो कसा खर्च झाला याचे कागद त्याच वाटेनं उलटे वर जायचे. पैसा बैलगाडीनं येतो आणि कागद आगगाडीनं जातात, असं आम्ही कारकून आपसात म्हणायचो.

एका श्रावणात नदी गावात शिरली. चौथ्या दिवशी मी आणि पटवारी नुकसानीची यादी करायला गेलो. नदीकाठाला माळ्यांची घरं होती. त्यातलं एक घर एका विधवा बाईचं. वांगी, मिरच्या आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून ती अकोटच्या बाजारात विकायची. एक विहीर, एक मोट आणि मोटेला बैलजोडी, एवढ्यावर तिचं चाललं होतं. घराची पश्चिमेची भिंत पार बसली होती आणि आतली चूल रस्त्यावरून दिसत होती. मी ते सगळं यादीत सुवाच्य लिहिलं.

निघताना तिनं मला थांबवलं. "भाऊ, लक्षुम्या तोंडावर आल्या. भिंत उचलू काय, का थांबू?"

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात त्या माहेरवाशिणी. त्यांना उघड्या घरात कोण बसवणार? मोर्शीला माझी आई आठ दिवस आधीपासून भिंती पोतारायला घ्यायची. ते डोळ्यांपुढे आलं आणि मी बोलून गेलो, "उचला मावशी. मदत तं येतेच आहे."

नियम मला पाठ होता. यादी म्हणजे नुसती यादी. मदत मंजूर व्हायची ती नायब तहसीलदारांनी येऊन पडझड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर. वर हिशेब द्यायचा तर असा नियम हवाच, हे मला आजही पटतं. पण त्या क्षणी तो आठवला नाही. आठवला असता तरी, सणाला भिंत पडलेलीच राहू द्या, असं त्या बाईला सांगायला माझी जीभ रेटली असती की नाही, देव जाणे.

तिनं जोडीतला एक बैल विकला. त्यातून लाकूड आणलं, मजूर लावले, शेजारच्या बायांनी माती तुडवली. सणाच्या आधी भिंत उभी राहिली. मला जेवायचं बोलावणं आलं आणि मी गेलोही. सोळा भाज्यांची भाजी खाल्ली, आंबील दोनदा मागून घेतली, भिंतीचं कौतुक केलं. मदत आली की हिवाळी भाजी लावायच्या आत दुसरा बैल घेते, असं ती म्हणाली. मी मान डोलावली.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, त्या मानानं नायबसाहेब लवकर आले. महिनाभरातच. भिंतीला त्यांनी काठीनं ठोकून पाहिलं आणि मला विचारलं, की हिचं नाव यादीत कसं? भिंत तर ठणठणीत आहे.

बाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "या भाऊनं पडलेली पाह्यली. त्यायनंच उचला म्हनलं."

सरकारच्या नावानं मदतीचा शब्द देणं कारकुनाला मना होतं. नोकरी नवी होती, अजून कायम झाली नव्हती. साहेब माझ्याकडे पाहत होते, ती माझ्याकडे पाहत होती. यादी माझ्याच बगलेत, माझ्याच अक्षरातली. मी मूग गिळून उभा राहिलो. साहेबांनी "घर शाबूत" असं लिहिलं आणि आम्ही पुढच्या दाराशी गेलो. त्या ओळीत बहुतेक घरांचं तेच झालं. एका घरात सुतक होतं, तिथे लक्ष्म्या बसल्या नव्हत्या, म्हणून भिंतही कुणी उचलली नव्हती. त्यांना मदत मिळाली.

मार्च आला आणि मंजूर पैशातला बराचसा उरला. तो परत पाठवायचा आणि का उरला ते कळवायचं. अक्षर चांगलं म्हणून अहवाल माझ्याकडेच आला. मी लिहिलं, की लोकांनी सरकारवर विसंबून न राहता हिमतीनं आपापली घरं उभी केली, त्यामुळे खर्चात बचत झाली. यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याची जास्त लाज वाटते. अकोल्याला त्याचं इंग्रजी झालं, अमरावतीहून ते नागपूरला गेलं आणि तिकडून शाबासकी आली. त्याच उन्हाळ्यात मी कायम झालो. आईला लुगडं घेतलं.

एका बैलानं मोट चालत नाही. त्या बाईची हिवाळी भाजी वाळली. पुढच्या साली मळा दुसऱ्याकडे गेला, हे मला पटवाऱ्याकडून कळलं. त्यानंतर मी नदीकाठचा रस्ता टाळायला लागलो. कामाला जाताना तहसिलीच्या घोड्यावरून लांबचा फेरा घ्यायचो आणि घोड्याला तोच रस्ता आवडतो असं सांगायचो.

दोनेक वर्षांनी तेल्हाऱ्याच्या वाटेवर ती एका मळ्यात मिरच्या तोडताना दिसली. रोजानं. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पदरानं हात पुसले, घरच्यांची खुशाली विचारली, आणि मग विचारलं, "भाऊ, माह्या भिंतीचं कागदावर काय लिवलं होतं?"

मी खरं तेच सांगितलं. हिमतीनं उभी केली, असं लिहिलं. नागपूरपर्यंत गेलं ते.

तिचा चेहरा उजळला. कुठे तरी, कुणी तरी ते वाचलं, एवढ्यानं तिला बरं वाटलं होतं. जरा वेळानं तिनं विचारलं, "बैल इकला, थे बी लिवलं असन नं?"

मी हो म्हणालो.