जांभयांचा अल्बम

ओळखपत्राचे फोटो लोक फोनवरच काढू लागले आणि क्लिक्याच्या स्टुडिओत कुणी फिरकेनासं झालं. गाद्यांच्या कारखान्याच्या कॅटलॉगचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर मेहुण्याच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं.

क्लिक्याला नाद होता जांभयांचा. पाच वर्षं तो जांभया टिपत होता. पद्धत साधी. समोर बसून आपणच एक ऐसपैस जांभई द्यायची आणि कॅमेरा डोळ्याला लावून थांबायचं. समोरच्याचा जबडा हलला की बोट दाबायचं. इस्त्रीवाला, दातांचा डॉक्टर, सासूबाई, कुणीही सुटलं नाही.

"लोकांचे नवरे फुलांचे फोटो काढतात," बायको बहिणीला सांगायची, "आमचे हे घशाचे."

कारखान्यात मालकीणबाई, त्यांचा भाऊ आणि विक्री बघणारे काका बसले होते. क्लिक्यानं अल्बम पुढे सरकवला आणि नजर छताला लावून पाठ केलेलं बोलू लागला. प्रकाश, सावली, चादरीची घडी. दोन मिनिटांत काकांनी तोंडावर हात धरला. मग भावानं. मालकीणबाईंनी तर हातही धरला नाही.

क्लिक्याचं अवसान गळालं. कंटाळले सगळे. नाकात टायरचा वास शिरला. तो आणखी भरभर बोलू लागला.

"जरा गप्प बसा," मालकीणबाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे त्याचं लक्ष अल्बमकडे गेलं. पानभर सासूबाई. डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं. जांभयांचा आणि कामाचा, दोन्ही अल्बमची कव्हरं काळीच होती.

"चुकून आलाय हा. पलंग-खुर्च्यांचा घरी राहिला."

"राहू द्या तिकडेच. या कोण?"

"सासूबाई."

"आमच्या गादीवर झोपतील?"

"त्या कशावरही झोपतात."

काका हसता हसता पुन्हा जांभई देऊन बसले. भाऊ म्हणाला, "सहा जण गाद्यांचे फोटो दाखवून गेले, मला एकदाही झोप आली नाही."

"काम तुम…" मालकीणबाईंचा शब्द जांभईनं गिळला. क्लिक्या टेबलाची कड धरून उभा. पुन्हा "काम तु…", पुन्हा जांभई. तिसऱ्या खेपेला वाक्य तडीला गेलं. काम तुमचं.

जिना तो दोन-दोन पायऱ्या टाकत उतरला आणि फाटकातच बायकोला फोन लावला.

"मिळालं. आणि आईंना सांग, त्यांनाही मिळालंय."

बायकोनं विचारलं, "कवळी लावून यायचं की काढून?"